वरच्या खोलीचं कुलूप

“ताई, माहिती अधिकाराच्या अर्जात वय लिहावं लागतं का?” असं विचारायला गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका नववीच्या मुलीने फोन केला. नाही लागत. जोडपत्र ‘अ’मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, वयाचा रकानाच नाही. कायद्यात ‘सर्व नागरिक’ असं म्हटलंय आणि नागरिक व्हायला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागत नाहीत. २०१२ साली लखनौच्या एका दहा वर्षांच्या मुलीने याच कायद्याखाली विचारलं होतं की गांधीजींना ‘राष्ट्रपिता’ ही पदवी देणारा सरकारी आदेश दाखवा. आम्ही सुरुवात केली तेव्हा यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून आमच्या ग्रंथालयातल्या वरच्या खोलीचं कुलूप कसं उघडलं ते पहिल्यापासून लिहून ठेवते. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही.

आमच्या गावात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय आहे, ‘ब’ वर्गातलं. इमारत ग्रामपंचायतीची, चालवते एक नोंदणीकृत संस्था. खाली वर्तमानपत्रांचं टेबल आणि कपाटं. वरच्या मजल्यावर एक खोली, तिच्यावर पाटी ‘संगणक विभाग’ आणि दाराला कुलूप. मी पाचवीत असल्यापासून ते कुलूप पाहत होते.

२०२३ च्या जूनमध्ये मी बारावीत गेले. त्याच महिन्यात माझ्या मैत्रिणीची शिष्यवृत्ती हुकली. अर्जात एक त्रुटी निघाली होती आणि तसा मेसेज आला होता, पण घरात मोबाईल एकच आणि तो भावाकडे. तिला कळेपर्यंत मुदत संपली होती. ऑनलाइन सेंटर तालुक्याला, चौदा किलोमीटरवर. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, “वर सहा संगणक आहेत म्हणतात, मग ते कुणासाठी आहेत?”

१२ जूनला आम्ही पाचजणी ग्रंथपाल काकांकडे गेलो. ते म्हणाले, खोली उघडायचा अधिकार मला नाही, कमिटीला विचारा. कमिटीतले एक काका म्हणाले, मुली वर एकट्या बसणार, जबाबदारी कुणाची? शिवाय संध्याकाळी सहानंतर मुलींनी ग्रंथालयात थांबायचं नाही, अशी एक न लिहिलेली पद्धत होतीच. ग्रंथालयाची वेळ सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सात. सकाळी आम्ही कॉलेजात असायचो, म्हणजे आमच्या वाट्याला चार ते सहा.

१९ जूनला आम्ही ६३ मुलींच्या सह्यांचा अर्ज दिला आणि इथे पहिली चूक केली. अर्ज दिला, पण पोच घेतली नाही. आठवड्याने विचारलं तर असा अर्ज आलाच नाही म्हणाले. आमच्याकडे फोटोसुद्धा नव्हता. तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगेन: कुठलाही कागद दोन प्रतींत न्या, दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या, आणि पोच मिळत नसेल तर तो कागद हातात न देता स्पीड पोस्टाने पाठवा.

त्या दिवशी आम्ही माईंकडे गेलो. माई निवृत्त शिक्षिका, तेव्हा ७६ वर्षांच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि मुक्ता साळवेचा निबंध वाचायला दिला. फुले दांपत्याच्या शाळेतली ही मुलगी. चौदा वर्षांची असताना, १८५५ साली, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं आणि ते ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलं. शाळेच्या बक्षीस समारंभात तिने खाऊऐवजी ग्रंथालय मागितलं, असं सांगतात. निबंध आम्ही माईंच्या ओट्यावर मोठ्याने वाचला. तिने सोसलं त्याच्या पासंगालाही आमचं दुःख पुरणार नाही, हे आम्हाला कळत होतं. पण एवढ्या वयाच्या मुलीने जे दिसतंय ते सहीनिशी लिहिलं, ही गोष्ट मनात राहिली.

मग माईंनी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ समजावला. आमचा पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात अन्याय, समानता, सगळं होतं. माईंनी तो प्रेमाने बाजूला ठेवला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा. दुसरं म्हणजे ‘खोली बंद का आहे?’ असं विचारायचं नाही. ‘का’ला कार्यालय उत्तर देत नाही, कागद मागितला तर तो द्यावा लागतो. म्हणून आम्ही लिहिलं: ग्रंथालयाचे मागील तीन वर्षांचे वार्षिक अहवाल आणि तपासणी अहवाल यांच्या प्रती, संगणक कोणत्या निधीतून आले त्याच्या मंजुरी आदेशाची प्रत, आणि संगणकांच्या वापराच्या नोंदवहीची प्रत. ११८ शब्द.

अर्ज कुणाकडे करायचा यावर दोन दिवस घोळ चालला. खासगी संस्थेला हा कायदा लागू होतो का, हा वाद नको म्हणून अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे केला. अनुदान आणि तपासणी त्यांच्याकडे असते, तेव्हा कागद तिथे असणारच.

याच दरम्यान घरी कळलं. कमिटीतल्या कुणीतरी बाबांना पारावर गाठून सांगितलं, पोरगी राजकारणात पडतेय, वेळीच आवरा. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला भीती ओरडा बसण्याची नव्हती, कॉलेज बंद होण्याची होती. तिसऱ्या दिवशी ते तालुक्याहून आले आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प माझ्या वहीवर ठेवला. म्हणाले, “माई म्हणाल्या, हा लागतो.” त्यावर आमच्यात पुढे कधीच बोलणं झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली.

३ जुलैला अर्ज गेला. दहाचा स्टॅम्प आणि ४१ रुपये स्पीड पोस्ट. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नसते, शिधापत्रिकेची किंवा दाखल्याची प्रत जोडायची.

१३ जुलैला एक पत्र आलं. संगणकांची खरेदी आमदार स्थानिक विकास निधीतून झालेली असल्याने तेवढा भाग कलम ६(३) प्रमाणे जिल्हा नियोजन कार्यालयाकडे वर्ग केला आहे, असं त्यात होतं. आम्हाला वाटलं, टोलवलं. खरं तर ते बरोबरच होतं. अर्ज चुकीच्या जागी गेला तर तो योग्य जागी पाच दिवसांच्या आत पाठवायचा, असं कायदाच सांगतो. नियोजन कार्यालयाचं उत्तर ७ ऑगस्टला आलं, मुदतीच्या आत. सहा संगणक, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर. प्रयोजनाच्या रकान्यात ‘ग्रामीण विद्यार्थी व वाचक यांच्या वापराकरिता’. ती ओळ आम्ही पाचजणींनी आलटून पालटून वाचली.

ग्रंथालय कार्यालयाकडून मात्र काहीच आलं नाही. तीस दिवस सरले. तिथे फोन करून प्रथम अपिलीय अधिकारी कोण ते विचारून घेतलं आणि १८ ऑगस्टला जोडपत्र ‘ब’मध्ये अपील केलं. अपिलाला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो आणि मुदत संपल्यापासून तीस दिवसांत ते करावं लागतं. हे तीस दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवा. परीक्षा, सण, पाहुणे यांत ते कसे जातात कळत नाही.

सुनावणीचं पत्र आलं: १४ सप्टेंबर, दुपारी बारा. एसटीने साडेतीन तासांचा रस्ता. त्या वर्षी मार्चपासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं होतं आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत होता, त्यामुळे माझं अर्धं आणि माईंचं शून्य. माई नसत्या तर मला एकटीला कुणी पाठवलं नसतं. हजर राहण्याची सक्ती नसते, कागदांवरही निर्णय देतात. तरी आम्ही गेलो, कारण समोर माणूस दिसलं की कागद हलतो, असं माई म्हणाल्या.

दीड तास बाकावर बसलो. आत बोलावल्यावर अधिकाऱ्यांनी अगदी मायेने विचारलं, “बाळा, तुला हे कागद कशासाठी हवेत?” माई उत्तर द्यायला निघाल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, “सर, कलम ६(२) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही.” हे वाक्य मी एसटीत पाठ केलं होतं आणि तरी ते म्हणताना माझा आवाज चिरकला. खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग त्यांनी लेखनिकाला विचारलं, माहिती का दिली नाही? ‘कर्मचारी कमी आहेत’ हे उत्तर आलं आणि ते खोटं नसावं, त्या कार्यालयातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दहा दिवसांत माहिती द्या, असा आदेश झाला. मुदत टळल्यामुळे पानामागे दोन रुपये न घेता विनाशुल्क, हेही आदेशात घालून घेतलं. कलम ७(६). सुनावणी सात मिनिटांत संपली. बाहेर आल्यावर माझे पाय थरथरत होते. माईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि दोघी न बोलता स्टँडवर गेलो.

२७ सप्टेंबरला लिफाफा आला. ३४ पानं. तिन्ही वर्षांच्या अहवालात ‘संगणक सुविधा: आहे, इंटरनेट: आहे’. वापराची नोंदवही: ‘अभिलेखात आढळून येत नाही’. मला प्रचंड राग आला. पण त्याच कागदांत वेतनाचा तक्ताही होता आणि ग्रंथपाल काकांचा महिन्याचा पगार पाहून माझा राग कुठे ठेवावा कळेना. तो आकडा इथे लिहीत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात शासनाने ग्रंथालयांचं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवायचा निर्णय घेतला, त्याआधी ते वर्षानुवर्षं तेवढंच होतं. एका माणसाने कपाटं, वर्गणी, झाडलोट, वर्तमानपत्रं आणि वरची खोली सांभाळायची, तेही एवढ्या पैशांत. आम्ही मागणी बदलली. नुसती ‘खोली उघडा’ एवढीच न ठेवता ‘खोली उघडा, आणि काकांना मदतीला एक महिला द्या’ अशी केली. या बदलामुळेच काका आमच्या बाजूचे झाले, असं मला आजही वाटतं.

आता ग्रामसभा. तिथे आमची खरी अडचण होती. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावाच्या मतदार यादीतली माणसं. आम्हा पाचजणींत अठराची एकही नव्हती. मात्र ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेपुढे येतात. ३० सप्टेंबरच्या महिला सभेत सरपंचताईंनी मला कागद वाचायची परवानगी दिली. ठराव मांडायचा तर मतदारच हवी. मी आईकडे पाहिलं. माझी आई सभेत आयुष्यात कधी बोललेली नाही. ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, “सूचक म्हणून माझं नाव लिहा.” मैत्रिणीच्या आजीने अनुमोदन दिलं, अंगठा उठवून.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर लागतात, ६१ आले. मी त्या दिवशी फार खचले. ग्रामसेवकांनी समजावलं की तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, विषय तेच राहतात. ९ ऑक्टोबरला सभा झाली. मतदार नसलेल्या पोरींच्या सांगण्यावरून ठराव होणार का, असं एकाने विचारलं. सरपंचताई म्हणाल्या, ठराव मतदारांचाच आहे, नावं वाचून दाखवते. ठराव झाला: इमारत ग्रामपंचायतीची असल्याने वरची खोली विद्यार्थिनींसाठी रोज दोन तास खुली ठेवण्याची संस्थेला विनंती, आणि इंटरनेटचं बिल व मदतनीस ताईंचं मानधन ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून. ठरावाची प्रत लगेच अर्ज करून घ्या. आम्हाला ती दहा दिवसांनी मिळाली आणि पुढे प्रत्येक ठिकाणी लागली.

पुढचे तीन महिने सांगण्यासारखं फार नाही. कमिटीची बैठक, दिवाळी, सहामाही, वायरिंग. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला उघडायचं ठरलं. वायरमन आला नाही. ९ जानेवारी २०२४ ला, मंगळवारी दुपारी काकांनी कुलूप उघडलं.

आत बोटभर धूळ होती. सहापैकी चार संगणक चालू झाले. त्यांत विंडोज ७, जिला कंपनीचा आधार २०२० च्या जानेवारीतच संपला होता. तालुक्याच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल ताईंनी येऊन फुकटात मिळणारी लिनक्स टाकून दिली आणि जुनी यंत्रं बऱ्यापैकी पळू लागली. पहिल्या महिन्यात मुली आल्या त्या प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला. नंतर कुणीतरी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उघडलं, कुणी साहित्य संस्कृती मंडळाची मोफत पुस्तकं, कुणी विश्वकोश. खालच्या कपाटांत जे कधीच येणार नव्हतं ते वर दिसायला लागलं. आणि मग उलटा प्रश्न आला: खालच्या कपाटांत नेमकं काय आहे, हे का दिसत नाही?

बारावीची परीक्षा संपल्यावर एप्रिलपासून आम्ही पुस्तकांची यादी करायला घेतली. हे काम अर्जांपेक्षा अवघड निघालं. दाखल नोंदवहीत ६,८१२ पुस्तकं. एका सीडीत जुनी यादी सापडली तेव्हा आनंदाने ओरडलो, पण उघडल्यावर अगम्य चिन्हं. ती ‘श्रीलिपी’ या जुन्या फॉन्टच्या पद्धतीत टाइप केलेली होती, आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये नव्हती. परिवर्तक वापरून ती बदलली, तरी जोडाक्षरं तपासायला तीन आठवडे लागले. मग शोध लागेना. ‘ऱ्य’ दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, डोळ्यांना सारखाच दिसतो आणि संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांवर ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार, ते आज कोण टाइप करणार? आम्ही छापील रूप एका रकान्यात आणि आजचं रूप शेजारच्या रकान्यात ठेवलं. लेखकाचं नावही तसंच: आद्याक्षरं, पूर्ण नाव, आडनाव आधी, अशा तीन तऱ्हा. एक ठरवून घ्या आणि पहिल्या दिवशीच भिंतीवर लावा. आम्ही सातशे नोंदी झाल्यावर ठरवलं आणि सातशे नोंदी पुन्हा केल्या. आता हे सगळं ‘कोहा’ या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त संगणक प्रणालीत जातंय. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयाने ती बनवून घेतली आणि २००० पासून ती कुणालाही मोफत आहे.

एकूण खर्च विचाराल तर स्टॅम्प ३०, दोन स्पीड पोस्ट ८२, एसटी आणि झेरॉक्स धरून साडेचारशेच्या आत. वेळ सात महिने.

मार्चमध्ये मला अठरा पूर्ण झाली. मतदार नोंदणीचा नमुना ६ आधीच भरून ठेवला होता, सतरा पूर्ण झाल्यावर तो आगाऊ भरता येतो. या २ ऑक्टोबरला ग्रामसभेच्या हजेरी नोंदवहीत मी सही केली, आईच्या सहीखाली. मुलींसाठी सातपर्यंतच्या वेळेचा विषय होता. तो मंजूर झाला नाही. रस्त्यावर दिवे नाहीत, हे कारण आलं आणि ते खरं आहे. आता माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीने दिव्यांच्या मंजुरीचे कागद मागायचा अर्ज केलाय. तिला सोळावं चालू आहे. तीस दिवस १८ नोव्हेंबरला संपतात.

यादीत कालपर्यंत ३,९४० पुस्तकं झाली. मी आता जिल्ह्याच्या गावी कॉलेजात असते, शनिवारी येते. बाकी दिवस आठवी-नववीच्या मुली बसतात आणि त्या माझ्यापेक्षा वेगाने टाइप करतात.

फोनवरच्या त्या मुलीचा शेवटचा प्रश्न होता, कोरं जोडपत्र कुठे मिळेल? आमच्या वरच्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकावर ‘अर्ज’ नावाच्या फोल्डरमध्ये तिन्ही नमुने ठेवलेत, अ, ब आणि दुसऱ्या अपिलाचा क. प्रिंटचे दोन रुपये. मंगळवारी खोली बंद असते.